थंडी, बोट आणि एक सही

मुंबईत थंडी पडते असं म्हटलं की पुण्या-नाशकाचे पाहुणे हसतात. २२ जानेवारी १९६२ या दिवशी सांताक्रूझला ७.४ अंशांपर्यंत पारा उतरला होता, हे आम्ही मुंबईकर अजून अभिमानानं सांगतो. एरवी आमची थंडी म्हणजे पंखा एकवर आणि गोधडी पायांपुरती. पण या थंडीचा खरा हिसका बघायचा असेल तर भल्या सकाळी समुद्रावर जावं. चौपाटीवर नाही, समुद्रावर. पाण्याच्या मध्ये.

माझं माहेर गिरगावातलं. चौपाटी पाच मिनिटांवर, पण पाण्यात पाय घोटाभर बुडण्यापलीकडे माझा समुद्राशी संबंध आला नाही. लग्न होऊन लालबागला आले तेव्हा सासरच्यांच्या तोंडी मात्र सारखी बोट. 'बोटीनं गेलो', 'बोट चुकली', 'बोट लागली'. या शेवटच्या शब्दाचे दोन अर्थ मला इथेच कळले. बंदरात बोट लागते ती एक, आणि पोटात ढवळून माणसाला लागते ती दुसरी! माझ्या सासूबाई दोन्ही अर्थ एका वाक्यात वापरायच्या. "बोट लागेपर्यंत मला बोट लागली नाही," हे त्यांचं ठरलेलं वाक्य.

गेल्या वर्षी जानेवारीत आम्ही सगळे बोटीनं मांडव्याला गेलो. सगळे म्हणजे पंच्याहत्तरीच्या सासूबाई, आमचे हे, कॉलेजात जाणारी लेक, मी आणि गावाहून आलेल्या माझ्या नणंदबाई. त्यांना आम्ही ताई म्हणतो. सहलीचं निमित्त सांगायचं तर ताई चार दिवसांसाठी मुंबईत आल्या होत्या. आणि त्या का आल्या होत्या, तर एका कागदावर सही करायला.

तो कागद काय, ते आधी सांगायला हवं.

माझे सासरे गिरणी कामगार. परळच्या एका गिरणीत साचेखात्यात होते. १८ जानेवारी १९८२ ला डॉ. दत्ता सामंतांच्या नेतृत्वाखाली संप सुरू झाला. अडीच लाखांच्या आसपास कामगार बाहेर पडले. तो संप कधी मिटलाच नाही, नुसता विरत गेला. कित्येक गिरण्या पुढे उघडल्याच नाहीत, आणि ज्या उघडल्या त्यांनी सगळ्यांना आत घेतलं नाही. सासऱ्यांनाही घेतलं नाही. पुढे आयुष्यभर त्यांनी दादरला एका सोसायटीत वॉचमनचं काम केलं. २००९ साली ते गेले. पुढे गिरणी कामगारांना आणि त्यांच्या वारसांना घरं देण्यासाठी म्हाडाच्या सोडती सुरू झाल्या. पहिली सोडत निघाली २०१२ मध्ये. अर्ज दीड लाखाहून जास्त आणि घरं काही हजार, त्यामुळे आमच्यासारखे असंख्य लोक अजून वाटच बघताहेत. आमचा अर्ज ह्यांच्या नावानं आहे. कागदपत्रं पुरी करताना बाकीच्या वारसांची हरकत नाही, असं लिहून घ्यावं लागतं. बाकीच्या वारस म्हणजे सासूबाई आणि ताई.

कागद टाइप करून आणला मीच. स्टँपपेपरवर स्वच्छ अक्षरात लिहिलं होतं, 'स्वखुशीने व कोणाच्याही दबावाशिवाय'. आता गंमत बघा. मी गेली पंधरा वर्षं लालबाग-परळच्या बायकांच्या बचत गटांचं काम करते. दर बैठकीत घसा कोरडा करून सांगते, "बायांनो, वाचल्याशिवाय सही करू नका. भावानं पुढे केला म्हणून कागदावर अंगठा उठवू नका. वडिलांनी मृत्युपत्र केलं नसेल तर त्यांच्या स्वतःच्या कमाईच्या मिळकतीत मुलीचा मुलाइतकाच वाटा, हे १९५६ च्या कायद्यानंच सांगितलंय. २००५ च्या दुरुस्तीनं वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीला मुलाच्या बरोबरीनं बसवलंय." हे सगळं सांगणारी मी. आणि घरातल्या कागदाच्या वेळी मला एवढंच वाटलं, ताई काय, करतील सही. ताई कधी नाही म्हणत नाहीत!

बोटीची कल्पना लेकीची. ताई आल्या त्या रात्री सासूबाईंनी त्यांचं पेटंट वाक्य टाकलं, 'बोट लागेपर्यंत' वगैरे. लेक म्हणाली, "आजी, तू नुसती सांगतेस. चल, उद्या जाऊ या बोटीनं." हे म्हणाले, "अगं, विजयदुर्गची बोट बंद होऊन पस्तीस वर्षं झाली." "मग मांडव्याला जाऊ. दक्षिणेलाच आहे ना? तेवढंच आजीच्या गावाच्या दिशेनं!"

दुसऱ्या दिवशी पहाटे उठून मी थालीपिठं लावली, थर्मासमध्ये चहा भरला. सासूबाईंनी आवळासुपारी, आलेपाक आणि दोन लिंबं पिशवीत टाकली. म्हटलं, "आई, तासाभराचा प्रवास आहे." म्हणाल्या, "दर्या तास बघणा नाय." दर्या तास बघत नाही. लालबागहून टॅक्सी कॉटन ग्रीन, रे रोड करत भाऊच्या धक्क्याला पोचली. मासळीचा बाजार ऐन भरात होता. कोळणींचे आवाज, बर्फाच्या गाड्या आणि तो वास. लेकीनं ओढणी नाकाला लावली. ताईंनी मात्र दीर्घ श्वास घेतला आणि पहिल्यांदाच मोकळ्या हसल्या.

भाऊचा धक्का हे नाव आपण इतकं सहज घेतो, पण हे 'भाऊ' म्हणजे लक्ष्मण हरिश्चंद्र अजिंक्य. एकोणिसाव्या शतकात स्वतःच्या हिमतीवर त्यांनी धक्का बांधला. आजचा धक्का नवा आहे, नाव मात्र त्यांचंच राहिलं. कोकणातल्या किती पिढ्या याच नावानं मुंबईत उतरल्या! गिरणगाव वसलं ते या वाटेनं. पुरुष आधी आले, गाळ्यात आठ-दहा जणांनी राहिले, खाणावळीत जेवले. बायका-मुलं मागाहून, काहींची तर कधीच नाही. स्वदेशीच्या काळात निघालेल्या एका कंपनीला तर लोक आपुलकीनं 'माझी आगबोट कंपनी' म्हणत. बोटींना नावं संतांची, तुकाराम आणि रामदास.

रामदासचं नाव मात्र सासूबाई बोटीवर चढताना घेऊ देत नाहीत. १७ जुलै १९४७ ला, स्वातंत्र्याला महिनाही उरला नव्हता तेव्हा, भाऊच्या धक्क्यावरून रेवसला निघालेली रामदास बोट वादळात उलटली. सहाशेहून जास्त माणसं गेली. सासूबाईंचा जन्म त्यानंतरचा, पण त्यांच्या आईनं ती भीती दुधाबरोबर पाजलेली. म्हणून बोटीवर पाय ठेवण्याआधी त्यांनी पाण्याला हात जोडले आणि एक नाणं टाकलं. लेक 'आजी, पोल्युशन' असं काहीतरी पुटपुटली. मी तिला डोळ्यांनीच गप्प केलं.

२०२० पासून धक्क्यावरून मांडव्याला ही मोठी रो-रो बोट जाते. खालच्या मजल्यावर गाड्या आणि वर माणसं. आत गारेगार वातानुकूलित बैठक, बाहेर मोकळा डेक. आम्ही सासूबाईंना आत बसवायला गेलो तर त्या ऐकेनात. "आत बसायचं तर एस्टीत काय वाईट होतं?" झालं, पाचही जणं डेकवर. बोट निघाली आणि वारा सुरू झाला. शाळेत भूगोलात शिकलेले मतलई वारे आठवले. रात्री जमीन लवकर थंड होते आणि वारा जमिनीवरून समुद्राकडे वाहू लागतो. सकाळी ऊन चढेपर्यंत तो चालूच असतो. पुस्तकात एका मार्काला असलेला तो वारा इथे कानातून शिरून दातांपर्यंत पोचत होता. लेकीचं जॅकेट फॅशनचं, त्याला चेन नुसती शोभेची. हे हात काखेत घालून उभे. बघता बघता धक्का मागे पडला, नौदलाच्या राखाडी बोटी गेल्या, दूर गेटवे नि ताजचा घुमट धुक्यात पुसट दिसला. एका बाजूला उरणचे डोंगर. मुंबई इतकी शांत असू शकते, हे फक्त पाण्यावरूनच कळतं.

सासूबाईंनी पिशवीतून शाल काढली आणि ती ताईंच्या अंगावर टाकली. ताईंनी ती परत त्यांच्या अंगावर टाकली. त्यांनी पुन्हा ताईंच्या. दोघी मायलेकींचं हे दोनदा-तीनदा झालं तेव्हा लेक हसायला लागली. पण सासूबाई हसत नव्हत्या. म्हणाल्या, "त्या येळाक तुका दिलंय नाय."

त्या वेळेला तुला दिली नाही.

ही 'ती वेळ' मला ऐकून माहीत होती, पण अर्धीच. १९८३ चा जानेवारी. संपाला वर्ष झालं होतं. घरात पगाराचा रुपया नाही. वाण्याची उधारी थकलेली, भांडीसुद्धा मोडीत गेलेली. सासरे कधी भाजी विकत, कधी हमाली करत. कितीतरी कामगारांनी त्या काळात बायकापोरांना गावी पाठवलं, सासऱ्यांनीही तेच ठरवलं. रेल्वे तेव्हा कोकणात नव्हतीच. कोकण रेल्वेचा मार्ग पुरा झाला तो १९९८ साली. एस्टी किंवा बोट, एवढाच पर्याय. बोटी 'मोगल लाइन' या सरकारी कंपनीच्या, 'कोकण सेवक' आणि 'कोकण शक्ती'. पावसाळ्यात बंद, एरवी चालू. सकाळी निघालेली बोट विजयदुर्गला रात्री उशिरा पोचायची. सासूबाई, नऊ वर्षांच्या ताई आणि सहा वर्षांचे हे. एक ट्रंक, एक वळकटी, भाकऱ्यांचं गाठोडं. डेकवर सतरंजी पसरून जागा धरायची, ज्यानं आधी पसरली त्याची ती जागा. अंगावर घ्यायला एकच जाड चादर होती. ह्यांना खोकला झालेला. सासूबाईंनी चादर मुलाला गुंडाळली आणि मुलीला आपल्या पदरात घेतलं.

"रात्री काय गारठा होता," ताई मला म्हणाल्या, "पण वयनी, मला तेव्हा त्याचं काही वाटलं नाही. मी कठड्याशी उभी राहून पाणी बघत होते. बोटीच्या कडेनं पाणी चमकायचं, निळं निळं. कोणीतरी सांगितलं, दर्यात काजवे असतात. मला वाटलं, शाळेत जाऊन मैत्रिणींना सांगीन. माझी तिसरीची बालभारती मी बरोबर घेतली होती. पंधरा दिवसांनी परत यायचंय, अभ्यास मागे पडायला नको म्हणून."

मी ताईंना तेवीस वर्षं ओळखते. दर मे महिन्यात त्यांच्याकडचे आंबे येतात, गणपतीला आम्ही जातो. पण हे बालभारतीचं मी पहिल्यांदा ऐकलं.

पुढचं मला तुकड्या-तुकड्यांनी माहीत होतं. वाघोटणच्या खाडीकाठचं गाव. घरात आजी एकटी. जूनमध्ये शाळा सुरू व्हायच्या आधी सासऱ्यांचं पत्र आलं. सासूबाईंना दादरला दोन घरची धुणीभांडी मिळत होती, त्यांनी यावं. मुलाला आणावं, त्याचं शाळेचं नुकसान नको. मुलीला आजीजवळ ठेवावं, दोघांचं इथे भागायचं नाही. आणि आजीला पाणी भरायला कोण? सासूबाई एस्टीनं मुलाला घेऊन परत आल्या. ताई तिथेच राहिल्या. 'दिवाळीला नेऊ' म्हणाले. मग 'पुढच्या मेमध्ये'. गावात शाळा सातवीपर्यंत, हायस्कूल खाडीपलीकडे. सातवीनंतर शाळा संपली. एकोणिसाव्या वर्षी लग्न झालं, पंचक्रोशीतच. आमचे हे मात्र परळच्या शाळेत शिकले, पदवीधर झाले, नोकरीला लागले.

इथे एक सांगते. मी सासू-सासऱ्यांना दोष द्यायला हे लिहीत नाही. गिरणगावात त्या दोन-तीन वर्षांत काय काय झालं, ते ज्यांनी भोगलं त्यांनाच ठाऊक. आमच्या गटातल्या म्हाताऱ्या बायका सांगतात. कोणाची मंगळसूत्रं गेली, कोणाचे मुलगे भलत्या संगतीला लागले. खाणावळवाल्या बायका तर दोन्हीकडून बुडाल्या. जेवणारे कामगार गावी गेले, आणि जे राहिले ते उधारीवर. १९७५ मध्ये प्रेमा पुरव यांनी याच बायकांना एकत्र करून अन्नपूर्णा महिला मंडळ काढलं होतं, बँकांची कर्जं मिळवून दिली होती. त्या आधारानं काही तगल्या. पण संपाचा इतिहास लिहिताना गिरण्या मोजल्या जातात, कामगार मोजले जातात. कोणत्या घरातल्या कोणत्या मुलीची शाळा त्या साली सुटली, हे कुठल्या नोंदीत असणार? मुलगा की मुलगी असा प्रश्न आला तेव्हा उत्तर ठरलेलंच होतं. त्यासाठी कोणी दुष्ट असावं लागलं नाही. एकच चादर होती आणि मुलाला खोकला होता, एवढं पुरलं.

बोटीवर सासूबाई म्हणाल्या, "तुका थंय ठेवलंय, ता मी इसारलंय नाय गो."

ताई पाण्याकडे बघत होत्या. म्हणाल्या, "आये, आता पुरे. मी बरी आसंय." मग बराच वेळ कोणी बोललं नाही. बोटीचं इंजिन तेवढं घुमत होतं. मी थर्मास काढला, कपात चहा ओतला. हात थरथरत होते ते थंडीनंच, असं मी स्वतःला सांगितलं.

चहा घेता घेता ताई माझ्याकडे वळल्या. आवाज नेहमीसारखाच शांत. "वयनी, तो कागद मी काल रात्री वाचला."

माझ्या पोटात धस्स झालं.

"सही मी करीन. घर मला नको, मी माझ्या घरी सुखी आहे. भावाला मिळालं तर आनंदच आहे. पण त्यात 'स्वखुशीने' लिहिलंय ना, ते तेवढं मला खटकलं. स्वखुशी म्हणजे आधी कोणीतरी विचारायला पाहिजे ना? तेव्हा मला कोणी विचारलं नाही. मी नऊ वर्षांची होते, ठीक आहे. आता मी एक्कावन्न वर्षांची आहे. आताही तुम्ही कागद टाइप करूनच ठेवलात."

आरडाओरडा नाही, रडणं नाही. एवढंच बोलून त्यांनी चहाचा घोट घेतला. त्या भांडल्या असत्या तर बरं झालं असतं असं मला वाटलं. भांडणाला उत्तर देता येतं. बचत गटाच्या बैठकीत मी जे तावातावानं सांगते ते माझ्या नणंदेनं सातवी पास होऊन, एका वाक्यात, माझ्याच तोंडावर सांगितलं होतं.

हे कठड्याला धरून उभे होते. हळूच म्हणाले, "मला ती चादर आठवते. पांढरी, निळ्या काठांची." मग म्हणाले, "मला वाटायचं, तुला गावी आवडतं म्हणून तू राहिलीस. मला तसंच सांगितलं होतं." बेचाळीस वर्षं माणूस एका घरातलं एक वाक्य खरं धरून चालतो! ताईंनी नुसती मान हलवली. "तू सहा वर्षांचा होतास रे," म्हणाल्या.

मांडवा आलं. बोट लागली, पहिल्या अर्थानं. सासूबाईंनी आवळासुपारी लेकीच्या हातावर ठेवली, कारण तिला दुसऱ्या अर्थानं लागली होती! त्या निमित्तानं सगळे हसलो, आणि त्या हसण्याची फार गरज होती. धक्क्यावर ऊन पडलं होतं. थालीपिठं खाल्ली. दक्षिणेकडे किनारा लांबपर्यंत जाताना दिसत होता. तिथे पुढे थळच्या समोर खांदेरी-उंदेरी. सासूबाई लेकीला सांगत होत्या, अशीच बोट खाली खाली जायची, दाभोळ, जयगड, रत्नागिरी, मुसाकाजी, मग विजयदुर्ग. काही बंदरांत बोट खोल पाण्यात उभी राहायची आणि होडीतून उतरावं लागायचं. हेलकाव्याबरोबर होडी वर आली की नेमकी उडी टाकायची. कडेवर मूल, डोक्यावर बोचकं आणि नऊवारी नेसलेली बाई, रात्रीच्या अंधारात, हलत्या होडीत. जिमला जाणाऱ्या माझ्या लेकीचे डोळे मोठे झाले. विजयदुर्गला मात्र धक्क्याला लागायची, म्हणाल्या. रात्र धक्क्यावरच काढायची, आणि सकाळी भरतीबरोबर खाडीतून लाँच.

येताना आम्ही आत बसलो. ताई आणि सासूबाई शेजारी शेजारी, शाल दोघींच्या मांडीवर.

त्या कागदाचं पुढे काय झालं, हे सांगितल्याशिवाय थांबणं बरोबर नाही. तो मी फाडला नाही, कपाटात ठेवला. दोन रात्री आम्ही तिघं बसून बोललो. खरं म्हणजे पहिली रात्र गप्प बसण्यातच गेली. ह्यांनी विचारलं, "ताई, तुझं काय म्हणणं आहे?" एवढं साधं वाक्य, पण ते म्हणायला त्यांना घसा साफ करावा लागला. ताई म्हणाल्या, त्यांना घरात वाटा नको. पण मुंबईत आपलं म्हणून यायला एक जागा असावी. त्यांची मुलगी नर्सिंगला मुंबईत येणार आहे, ती 'मामाकडे पाहुणी' म्हणून नाही, हक्कानं राहावी. आणि आईनंतर गावचं जे खाडीकाठचं घर आहे, जिथे त्या आजीबरोबर वाढल्या, ज्याची शाकारणी आजवर त्यांनीच केली, ते त्यांच्या नावावर व्हावं. बस्स. यातलं एकही आमच्या मनात आलं नव्हतं. गावचं घर कोणाचं, हा प्रश्नच आम्हाला पडला नव्हता. ते 'आमचं' होतं आणि ते सांभाळत होत्या ताई.

वकिलांकडे जाऊन ते सगळं नीट लिहून काढलं. सासूबाईंनी आपल्या हातानं गावच्या घराच्या कागदावर सही केली. त्यांना सही करता येते, साक्षरतेच्या वर्गात शिकल्या, चाळिशीत. मग ताईंनी म्हाडाच्या कागदावर सही केली. 'स्वखुशीने' हा शब्द तसाच होता. सही करताना त्या शब्दावर बोट ठेवून त्यांनी माझ्याकडे बघितलं आणि म्हणाल्या, "आता चालेल."

आमच्या बैठकीत मी ही गोष्ट सांगितली. नावं न घेता सांगायची ठरवली होती, पण अर्ध्यातच सगळ्यांना कळलं कोणाची ते! बायका हसल्या नाहीत. एक म्हातारी मावशी म्हणाली, "माझी थोरली पण तेव्हा गावालाच राहिली." मग दुसरी म्हणाली, तिची धाकटी. त्या दिवशी वीस बायकांत चार जणींनी हात वर केला. मैत्रिणींनो, तुमच्या घरात अशी एखादी ताई, आत्या, मावशी असेल. जिला 'गावी आवडतं' असं तुम्हाला लहानपणापासून सांगितलं गेलंय. तिला एकदा विचारून बघा. उत्तर ऐकायची तयारी ठेवून विचारा, एवढंच.

२०२५ मध्ये भाऊच्या धक्क्यावरून जयगड आणि विजयदुर्गपर्यंत रो-रो बोट सोडण्याची घोषणा झाली. पूर्वी दिवस घ्यायचा तो विजयदुर्गचा प्रवास पाच-सहा तासांचा होणार, अशी बातमी होती. सासूबाईंनी ती कात्रीनं कापून देव्हाऱ्याखालच्या खणात ठेवली. मी ताईंना फोन करून सांगितलं तर म्हणाल्या, "या मग तुम्ही सगळे. मी धक्क्यावर येईन घ्यायला." मागून सासूबाई ओरडल्या, "थंडीत येवया, तिका सांग. आनि दोन चादरी घेवया."